आषाढात भर, पौषात इम्प्लांट: सायनस लिफ्टचे एक प्रकरण

प्रकरण नमुन्यादाखल उभे केले आहे. माणूस कुणी एक नाही. मोजमापे आणि अडचणी मात्र रोजच्या कामात भेटतात त्याच.

रुग्ण फोंडा तालुक्यातल्या एका देवळातले पुजारी, वय ५७. वरच्या डाव्या बाजूची पहिली आणि दुसरी दाढ ११ वर्षांपूर्वी किडून काढलेली. तेव्हापासून सगळे चावणे उजवीकडे, आणि आता उजवीकडची दाढही ठणकू लागलेली. मधुमेह ९ वर्षांचा, दिवसातून दोनदा मेटफॉर्मिन. विडी-सिगारेट नाही, तंबाखू नाही. तपकीर मात्र आहे, दिवसाला पाच-सहा चिमट्या. हा तपशील पहिल्या भेटीत निघालाच नाही. ‘तंबाखू खाता का?’ असे विचारले की तपकीर ओढणारा माणूस अगदी प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतो. प्रश्न ‘नाकात काही ओढता का?’ असा हवा, आणि वरच्या दाढांच्या बाबतीत तर तो पहिला हवा.

पर्याय फारसे नव्हते. मागे आधाराला दात नसल्यामुळे ब्रिज बसत नाही. काढता-घालता येणारी अर्धी कवळी त्यांनी दोन महिने वापरून कपाटात ठेवली होती. टाळूवर पट्टी आली की ट, ठ, ण, ळ हे मूर्धन्य उच्चार बोजड होतात. ज्याचा दिवस मंत्र म्हणण्यात जातो त्याला ते चालत नाही. राहिले इम्प्लांट, म्हणजे हाडात स्क्रू रोवून त्यावर बसवलेला दात.

सीबीसीटी स्कॅनवर (जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे) पहिल्या दाढेच्या जागी ३.१ मिलिमीटर आणि दुसरीच्या जागी २.४ मिलिमीटर हाड उरलेले दिसले. वरच्या दाढा गेल्या की हाड दोन्हीकडून झिजते. हिरडीकडून कडा, म्हणजे दात बसतात ती हाडाची धार, वर-आत सरकते, आणि गालामागची वरच्या जबड्याच्या हाडातली पोकळी, म्हणजे मॅक्सिलरी सायनस, वरून खाली उतरते. इम्प्लांटला बरे बसायला निदान ८ ते १० मिलिमीटर उंची लागते. ५-६ मिलिमीटर हाड असते तर कड्याच्या बाजूनेच छिद्रातून सायनसचा तळ हळूच उचलून त्याच बैठकीत इम्प्लांट बसवता आले असते. ३ मिलिमीटरमध्ये इम्प्लांट स्थिर राहत नाही. ६ मिलिमीटरच्या आखूड इम्प्लांटलाही ते पुरत नाही. गालाच्या हाडात बसणारे लांब झायगोमॅटिक इम्प्लांट हे सगळा वरचा जबडाच रिकामा असलेल्यांसाठी. दोन दाढांसाठी एवढी मोठी शस्त्रक्रिया कुणी करू नये. म्हणून बाजूच्या भिंतीतून खिडकी पाडून सायनसचा पडदा उचलायचा, खाली भर घालायची, सहा महिने थांबायचे, आणि मग इम्प्लांट. ही पद्धत, म्हणजेच सायनस लिफ्ट, टॅटम यांनी १९७० च्या दशकात मांडली आणि बॉइन व जेम्स यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केली. साधने बदलली आहेत, कल्पना तीच आहे.

स्कॅनवर आणखी तीन गोष्टी मोजून ठेवल्या. सायनसचा पडदा डावीकडे ३.२ मिलिमीटर जाड (निरोगी पडदा एक मिलिमीटरच्याही आत असतो). दोन दाढांच्या बरोबर मध्ये तळातून वर आलेली ४.५ मिलिमीटर उंचीची हाडाची आडभिंत, म्हणजे सेप्टम. आणि बाजूच्या भिंतीतून जाणारी रक्तवाहिनी, कड्यापासून १७ मिलिमीटरवर, व्यास सुमारे १ मिलिमीटर. यातली तिसरी गोष्ट खिडकीची वरची कड ठरवते, दुसरी पडदा कुठे फाटेल ते सांगते, आणि पहिली सांगते की आत्ता हात लावायचा नाही. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी तपासले. सायनसचा निचरा होणारे तोंड उघडे होते, पू नव्हता. जाडी तपकिरीच्या सततच्या खाजवणीची होती. सहा आठवडे तपकीर बंद, मिठाच्या पाण्याचा नाकात फवारा. नंतरच्या छोट्या स्कॅनवर जाडी १.४ मिलिमीटर.

साखरेचेही तसेच. एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणारा आकडा) ८.६ होते. २०२३ मध्ये आलेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यात निघाले, २६.४ टक्के. त्यामुळे इथे हाडाच्या कामाआधी हा आकडा मागणे ही औपचारिकता नाही. तीन महिन्यांत तो ७.२ वर आला. त्याआधी घाई केली असती तर जखमेची कड उघडी पडण्याची भीती होती. खिडकीवरची हिरडी उघडली की भर गेलीच म्हणायची.

भर कशाची?

अशा कामात हाडाची भर म्हणून जगभर खूप वापरला जाणारा पदार्थ गाईच्या हाडापासून बनतो. सगळे सेंद्रिय द्रव्य काढून टाकलेले, फक्त खनिज सांगाडा उरलेले कण. संमतिपत्रावर बारीक अक्षरांत ते लिहिलेले असते आणि बहुतेक जण न वाचता सही करतात. इथे तसे करणे अन्यायाचे झाले असते. एकेक पर्याय मूळासकट सांगितला गेला.

स्वतःचे हाड, हनुवटीतून किंवा खालच्या जबड्याच्या मागच्या भागातून. जैविकदृष्ट्या सर्वोत्तम, पण दुसरी जखम होते, आणि सायनसमध्ये ते एकटे घातले तर बरेच विरघळून जाते. मानवी दात्याचे प्रक्रिया केलेले हाड. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाची ऊतिपेढी गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेले असे हाड पुरवते. भटजींनी नम्रपणे नकार दिला. गाईचे, डुकराचे: प्रश्नच नव्हता. उरले कृत्रिम, बायफेजिक कॅल्शियम फॉस्फेट: ६० टक्के हायड्रॉक्सीॲपेटाइट आणि ४० टक्के बीटा-ट्रायकॅल्शियम फॉस्फेट. दुसरा घटक काही महिन्यांत विरघळून नव्या हाडाला जागा देतो, पहिला टिकून आकार सांभाळतो.

बहुतेक ठिकाणी चौकशी इथेच संपते आणि नेमकी इथेच चूक होते. खिडकीवर झाकायचा कोलॅजनचा पडदा गाईच्या किंवा डुकराच्या ऊतीपासून बनतो. रक्त थांबवायचा जिलेटिनचा स्पंज प्राणिजन्य. कॅटगटचा टाका आतड्याचा. अँटिबायोटिकच्या कॅप्सूलचे कवच जिलेटिनचे. हाडवाढीसाठी मिळणारे बीएमपी-२ हे प्रथिन, ज्याला अमेरिकेत २००७ मध्ये सायनसच्या कामासाठी मान्यता मिळाली, ते प्रयोगशाळेत बनते खरे, पण भिजवून घालायचा स्पंज गाईच्या कोलॅजनचा असतो. हाड कृत्रिम घालून वर गाईचा पडदा अंथरला तर दिलेला शब्द मोडतो, आणि रुग्णाला ते कधी कळतही नाही. म्हणून यादी पुरी केली गेली: पडद्याऐवजी रुग्णाच्याच रक्तातला पीआरएफ (रक्त गोठवणाऱ्या फायब्रिन धाग्यांचा थर), टाका पीटीएफईचा, म्हणजे टेफ्लॉनचा, ५-० जाडीचा, औषध गोळीच्या रूपात.

या बदलाने दर्जा घसरतो का? थोडा फरक पडतो, पण तो लोकांना वाटतो तिथे नाही. सायनसमध्ये हाड पावडरचे होत नाही. ते सायनसच्या तळातून आणि भिंतींतून आत वाढते. २००४ मध्ये लुंडग्रेन आणि सहकाऱ्यांनी दाखवले की पडदा उचलून इम्प्लांटच्या टोकावर तंबूसारखा टेकवला आणि खाली नुसती रक्ताची गुठळी ठेवली तरी हाड भरते. भरीचे काम तंबूचा खांब होण्याचे. गाईच्या हाडाचे कण जवळजवळ विरघळत नाहीत, म्हणून तो खांब जास्त काळ उभा राहतो. कृत्रिम भर किंचित खचते, म्हणून लागेल त्याहून २-३ मिलिमीटर जास्त उंच रचायची. एवढाच हिशेब.

तारीख

पुजाऱ्याला सायनस लिफ्टची तारीख देणे हे स्कॅन वाचण्याइतकेच काम आहे. श्रावणात व्रते, मग चवथ, मग नवरात्रातला मखरोत्सव, तुळशीचे लग्न, नंतर जत्रांचा हंगाम, वैशाखात मुंजी-लग्ने. मोकळे असतात ते बिनमुहूर्ताचे महिने, आषाढ आणि पौष. योगायोगाने त्या दोघांत सहा महिन्यांचे अंतर आहे, आणि भर पिकायला तेवढाच वेळ लागतो. आषाढाला दोष एकच, पावसाळी सर्दी. म्हणून अट घातली की आधीच्या दहा दिवसांत शिंक-सर्दी झाली तर तारीख रद्द. एकादशीही टाळली, मेटफॉर्मिन घेऊन उपाशी पोटी खुर्चीत बसणारा रुग्ण नको.

शस्त्रक्रिया

सकाळी न्याहारी आणि गोळी घेऊन रुग्ण आले. साखर १४८. तासभर आधी अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलेनिक आम्लाची गोळी (पेनिसिलिनची ॲलर्जी नाही), मग क्लोरहेक्सिडिनने चूळ. सूज कमी करायला दिले जाणारे स्टेरॉइड साखरेमुळे टाळले.

आधी पीआरएफसाठी रक्त, ते सेंट्रिफ्यूज यंत्रात गरगर फिरवायचे. एकूण सहा नळ्या, प्रत्येकी १० मिलिलिटर. चार साध्या काचेच्या, मिनिटाला २७०० फेरे, १२ मिनिटे: यातून घट्ट फायब्रिनच्या गुठळ्या. दोन साध्या प्लॅस्टिकच्या, ७०० फेरे, ३ मिनिटे: यातून न गोठलेला द्रव. सुई टोचल्यापासून नळी यंत्रात जाईपर्यंत मिनिट-दीड मिनिटापेक्षा जास्त जाऊ नये. नाहीतर रक्त नळीतच गोठते आणि गुठळी विस्कळीत येते. दुसरी नेहमीची गफलत फेऱ्यांच्या आकड्याची. २७०० हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. यंत्राची त्रिज्या ८ सेंटिमीटर असेल तर त्या वेगाला गुरुत्वाच्या सुमारे ६५० पट बळ पडते, ११ सेंटिमीटर असेल तर ९०० पट. दुसऱ्याच्या यंत्रावरचा आकडा आपल्या यंत्रावर उतरवला की गुठळी बारीक का येते हे कळत नाही. आणि पावसाळ्यात यंत्र इन्व्हर्टरवर हवे. मध्येच वीज गेली तर त्या नळ्या वाया.

भूल २ टक्के लिग्नोकेन, १:८०,००० ॲड्रिनलिनसह. चीर कड्यावर, किंचित टाळूकडे, म्हणजे टाके खिडकीच्या थेट वर येत नाहीत. उभी सोडचीर पुढच्या दाताच्या पुढे. फ्लॅप, म्हणजे चिरलेली हिरडी, उचलल्यावर खिडकी: खालची कड सायनसच्या तळाच्या ३ मिलिमीटर वर, म्हणजे कड्यापासून साधारण ६ वर, वरची कड १३ वर, म्हणजे रक्तवाहिनीपासून ४ मिलिमीटर दूर. आडभिंत असल्यामुळे एक लांब खिडकी न पाडता तिच्या दोन्ही बाजूंना दोन छोट्या खिडक्या, प्रत्येकी सुमारे ७ बाय ७ मिलिमीटर. काम पिएझो यंत्राने. त्याचे टोक सेकंदाला २५ ते ३० हजार वेळा थरथरते. हाड कापते, मऊ पडद्याला टोकाचा स्पर्श बराच सोसवतो. फिरत्या बरने (ड्रिलच्या टोकाने) हेच काम होते, पण हाताला माफी राहत नाही. हाड झिजत निळसर-राखाडी झाक दिसू लागली की थांबायचे.

पडदा उचलताना एकच नियम, क्युरेटची (चमच्यासारख्या खरवडणाऱ्या अवजाराची) धार सतत हाडावर. धार हाड सोडून पडद्याला टेकली की पडदा फाटतो. पुढची खिडकी व्यवस्थित गेली. मागच्या खिडकीतून आडभिंतीच्या माथ्यावर येताना सुमारे ४ मिलिमीटरची फाट पडली. तिथे पडदा सर्वांत घट्ट चिकटलेला असतो आणि उपकरणाला धारेवर वळावे लागते; भाकीत होते तिथेच झाले. पडदा फाटणे ही या शस्त्रक्रियेतली सर्वांत वारंवार होणारी गुंतागुंत आहे, साधारण पाचांत एकदा.

अशा वेळी हात आपोआप फाटीकडे जातो, आणि तीच मोठी फाट होण्याची वाट. काम उलटे करायचे असते: फाट सोडून चारही बाजूंचा निरोगी पडदा आणखी सैल करायचा, म्हणजे ताण उतरतो आणि फाटीच्या कडा एकमेकींवर दुमडतात. ५ मिलिमीटरपर्यंतची फाट एवढ्याने आणि वरच्या थराने सांभाळते. ५ ते १० मध्ये मोठा झाकणपडदा आणि जमल्यास टाका लागतो. १० च्या पुढे गेली तर बंद करून चार-सहा महिन्यांनी परत यायचे. इथे दाबून चपटे केलेले पीआरएफचे तीन थर फाटीवर अंथरले. नाक दाबून फुंकायला लावण्याची जुनी परीक्षा फाटलेल्या पडद्यावर करू नये. श्वासाबरोबर पडदा खाली-वर होतो की नाही ते नुसते पाहायचे.

भर २ मिलिलिटर, कण अर्धा ते एक मिलिमीटर. सुटे कण फाटीतून सायनसमध्ये सांडतील, म्हणून पातळ पीआरएफमध्ये कालवून पाच-सात मिनिटे ठेवले. लापशीसारखा चिकट गोळा होतो. आधी आतल्या भिंतीकडे, मग तळाशी, शेवटी खिडकीकडे. ठासायचे नाही, कणांच्या मधल्या फटींतूनच रक्तवाहिन्या शिरतात. खिडक्यांवर उरलेली पीआरएफची पटले, फ्लॅप ताण न देता बंद. लगेचच्या स्कॅनवर पहिल्या दाढेच्या जागी एकूण उंची १४, दुसरीच्या जागी १३ मिलिमीटर.

सूचना, आणि त्यातली खोट

छापील कागदावर असते: नाक शिंकरू नका, शिंक तोंड उघडून द्या, स्ट्रॉने पिऊ नका, विमान नको, पोहणे नको. या रुग्णाच्या आयुष्यात यातले अर्धे नव्हते आणि कागदावर नव्हते ते बरेच होते. म्हणून हाताने भर घातली: शंख आठ आठवडे बंद. संध्येतला प्राणायाम नाकपुडी न दाबता, नुसता मनाने. कपालभाती, भस्त्रिका आणि जलनेती नाही. साष्टांग नमस्कार दोन आठवडे नाही, उभ्याने हात जोडायचे. होमाच्या धुरापासून लांब. उकड्या तांदळाची पेज, पण कोमट आणि निवळ. शिते जखमेत अडकतात. गोळ्या सात दिवस, नाकात ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब फक्त तीन दिवस.

सहाव्या संध्याकाळी फोन: “नाकांतल्यान रेंव कशी येता.” वाळू नव्हती, भरीचे पांढरे कण होते. झाले असे की पूजेला बदली माणूस आला नाही म्हणून भटजी गाभाऱ्यात गेले. धुपाचा धूर, वर सवयीने एक चिमूट तपकीर. शिंक आली, आणि गाभाऱ्यात शिंकायचे नाही म्हणून नाक-तोंड दोन्ही दाबून ती जिरवली. दाबलेली शिंक नाक शिंकरण्याहून वाईट. सगळा दाब सायनसच्या तोंडातून आत शिरतो आणि ओला पडदा सांध्यावर सुटतो. ‘शिंक तोंड उघडून द्या’ हे सांगितले होते. पण हा माणूस दिवसातले सहा तास अशा जागी असतो जिथे तो शिंक दाबणारच, हे कुणी ताडले नव्हते. ‘शिंक येईलसे वाटले तर पळी खाली ठेवून बाहेर या’ असे वाक्य कागदावर हवे होते.

तपासणीत ताप नाही, गालावर सूज नाही, एका नाकपुडीतून घाण वासाचा स्राव नाही, तोंडातली जखम बंद. हे चारही नसताना पुन्हा उघडण्यात फायदा नाही. गोळ्या दहा दिवसांपर्यंत वाढवल्या, मिठाच्या पाण्याचा हलका फवारा, तपकिरीची डबी घरच्यांच्या ताब्यात. पू किंवा तिसऱ्या आठवड्यानंतरही जड गाल असता तर भर काढून सायनस धुणे आणि कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवणे हाच मार्ग होता. भर संक्रमित झाल्यावर ती अँटिबायोटिकने वाचवण्याची धडपड महिने खाते आणि शेवटी सायनसही घेऊन जाते. दोन आठवड्यांनंतरच्या स्कॅनवर मागच्या बाजूचा उंचवटा खचलेला, पुढचा शाबूत. चवथीत शंख पुतण्याने फुंकला.

पौष

सहा महिन्यांनी उंची पहिल्या दाढेला ११.८, दुसरीला ८.९ मिलिमीटर. पुढची घट कृत्रिम भरीत अपेक्षित असते तेवढीच. मागची ४.१ मिलिमीटरची घट मात्र त्या एका शिंकेची बरीच देणेकरी आहे. दोन्हीकडे १० मिलिमीटरचे इम्प्लांट ठरले होते. मागच्यासाठी ते बदलून ८ चा घेतला, व्यास दोन्हीचा ४.५. पुन्हा भर घालण्याचा मोह टाळला. ८ मिलिमीटर चालतात, आणि एकदा फाटलेला पडदा दुसऱ्यांदा उचलणे अधिक अवघड.

नवे हाड मऊ असते. ड्रिल ८०० फेऱ्यांवर, थंड सलाइनच्या धारेत. हाड ४७ अंशांवर मिनिटभर तापले तरी मरते. शेवटचा जाड ड्रिल वगळला, म्हणजे इम्प्लांट स्वतःच हाड दाबत आत जातो. पकड पुढे ३० न्यूटन-सेंटिमीटर, मागे २२. कंपनाने मोजली जाणारी स्थिरता, आयएसक्यू, ६६ आणि ५८. ६० च्या खालच्या इम्प्लांटला तोंडात उघडा ठेवणे म्हणजे जीभ आणि पेजेच्या चमच्याचे धक्के खायला लावणे. दोन्ही हिरडीखाली झाकले.

चार महिन्यांनी उघडल्यावर आकडे ७४ आणि ७०. मागचा चढला हे महत्त्वाचे; चढत नसता तर आणखी दोन महिने थांबून पुन्हा मोजले असते. झिर्कोनियाच्या दोन दाढा एकमेकींना जोडून, स्क्रूने बसणाऱ्या. सिमेंट वापरले तर ते हिरडीखाली सांडून राहू शकते आणि पुढे हाड खाते. स्क्रू कंपनीने सांगितलेल्या बळाने, इथे ३५ न्यूटन-सेंटिमीटर, दहा मिनिटांनी पुन्हा एकदा तेवढाच. पहिल्या ताणानंतर तो किंचित सैल पडतो. वर टेफ्लॉनची पट्टी आणि कंपोझिट. चावा हलका: नेहमीच्या दातांमध्ये पातळ पट्टी घट्ट धरली जाते तेव्हा इथून ती जेमतेम निसटायला हवी.

घरी रोज रात्री दोन दाढांच्या मधल्या फटीत बारीक ब्रश. तो फटीतून सुटत असेल तर एक माप मोठा घ्यायचा. दर सहा महिन्यांनी हिरडीची खोली आणि रक्तस्राव पाहणे, सोबत ताज्या एचबीएवनसीचा कागद. वर्षाने एक्स-रे, बसवल्या दिवशीच्या एक्स-रेशी जुळवून. भटजी आता डावीकडे चावतात. शंखही पुन्हा त्यांच्याच हाती आहे. तपकीर पूर्ण सुटलेली नाही, दिवसाला एक चिमूट, तीही उजव्या नाकपुडीत, असे त्यांचे म्हणणे आहे.